शेजारचं घर विकाऊ नाय

— ओल नाय? कोणी सांगितलं, एजंटने? तो सांगणारच गो बाय, त्याचं पोट हाय त्याच्यावर. एक पावसाळा काढ म्हणावं इथे. खाली बंदरावर पाऊस वरून पडतो, इथे वर सड्याच्या माळावर बाजूने मारतो — खिडकीच्या फटीतून आत येतो आणि गादीवर बसतो पाव्हण्यासारखा. ये, अशी आत ये, उन्हात किती वेळ उभी राहशील. नवरा आणि एजंट चावी आणायला गेलेत ना कुवारबावला? वेळ लागेल, हायवेवर गाड्या तुंबलेल्या असतात. ही खुर्ची घे. मांजराला हाकल, ते काय करत नाय. मी नाय बसत खुर्चीवर, मला उंबऱ्यावर बरं वाटतं — जन्म गेला मच्छी मार्केटात ओट्यावर मांडी घालून, खुर्चीवर बसले की पाय लोंबकळतात आणि दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटतं. वास येतो काय? खरं सांग. नाय? येतो, येतो, तू चांगल्या घरची म्हणून बोलत नायस. मी काशी. आज सोमवार म्हणून घरी सापडले, सोमवारी मासे कोण घेतं.

तर पाणी. पाणी एक दिवसाआड, ते पण आलं तर. उन्हाळ्यात टँकर. खाली सगळा कातळ, बोअर मारली की आधी धूळच वर येते. आणि फाटकावर काय लिहिलंय वाचलंस? सागरवैभव रो-हाऊसेस! सागर कुठे हाय? टाकीवर चढ, चवड्यांवर उभी राहा, मग दिसला तर दिसला. आम्ही आलो तेव्हा इथे काजूची झाडं होती, दिवे लागले की कोल्हे ओरडायचे. आता बघ — जिम काय, केकचं दुकान काय, मेडिकलला मेडिकल लागून. माणसं वाढली ना, की पहिली मेडिकलं वाढतात. आणि भिंत एकच हाय हां दोन घरांना, हे एजंटने सांगितलं काय? इकडे मी शिंकले की तिकडे ऐकू जातं. नवऱ्याशी भांडलीस तर मला कळणार, आधीच सांगून ठेवते.

हसलीस. हस. मी भीती घालत नाय गो तुला — घालते थोडी. येतील त्या सगळ्यांना घालते. मगाशी एजंट कसा डोळे वटारून बघत होता माझ्याकडे, बघितलंस ना? कारण मला माहीत हाय खरं काय ते. ते घर विकाऊच नाय. भावेश विकतोय, पण घर भावेशचं नाय, घर त्याच्या आईचं. गुणवंती. मी गुणा बोलायचे. ती माझी — कोण सांगू? बहीण नाय, जाऊ नाय, विहीण नाय. मार्केटात माझ्या शेजारच्या ओट्यावर बसायची. एवढंच. आता एवढंच म्हणजे किती, ते तुला काय सांगू. मी हर्ण्याची, लग्न होऊन मिरकरवाड्यात आले, मार्केटात पहिल्या दिवशी बसले तेव्हा मला ओरडता येत नव्हतं. मासे समोर, आणि तोंडातून आवाज फुटेना. तिने दुपारपर्यंत बघितलंन, मग स्वतःचं गिऱ्हाईक धरून माझ्यासमोर आणलंन — "हिच्याकडचे बांगडे घ्या, ही मुकी हाय पण बांगडा ताजा हाय." तेव्हापासून मला मुकी म्हणायची. आता बघ किती बोलते मी. सगळं तिचं शिकवलेलं.

तिचा नवरा बोटीवर गेला तो आलाच नाय. बोट आली, तो नाय आला. भावेश तेव्हा अंगावर पीत होता. ओट्याखाली मच्छीच्या पाटीत फडकं घालून त्याला निजवायची, आणि गिऱ्हाईक आलं की मी पाय हलवून पाटी झुलवायचे, इकडे हाताने कोयती चालू. माझी दीपाली आणि तो एका ताटात जेवले. मावशी, मावशी करत माझा पदर सोडायचा नाय. शिकला मात्र. बर्फाच्या पेटीला टेकून अभ्यास केलान त्याने, खोटं कशाला बोलू, हुशार होता. इंजिनेर झाला, पुण्याला गेला. माझा नवरा दारूने गेला, दीपाली लग्न होऊन चिपळूणला गेली — आणि आम्ही दोघी राहिलो खाली जेटीच्या मागे, एकेका खोलीत, उधाणाला उंबऱ्यापर्यंत पाणी.

आणि एक दिवस ही इकडे आली सड्यावर मासे पोचवायला, कोणा मॅडमकडे पार्टी होती. मॅडमने फाटकाबाहेर उभी केलीन, मासे बाहेरच साफ करून घेतलेन आणि जिथे बसलेली तिथे फिनेल ओतलंन. तिच्यासमोर. दुसरी कोणी रडली असती. ही आली आणि मला बोलली, "काशे, तिकडे नवीन घरं बांधतायत. आपण घेऊया." मी बोलले, तुला वेड लागलं. "वेड कसलं? फाटकाच्या आत बसून मासे साफ करायचेत मला." — झालं. ह्याच्यासाठी घर. लोक म्हातारपणासाठी घेतात, पोरांसाठी घेतात, हिने फिनेलच्या रागाने घेतलंन.

बिल्डरच्या हापिसात गेलो त्या दिवशी. मार्केटातून तशाच, तिने बदलायला दिलं नाय मला. थंड हापिस, काचेचं टेबल, त्याच्यावर खेळण्यातली घरं मांडलेली. तिथला माणूस मान वर न करता बोलला, "आज मच्छी नको मावशी." गुणा बोलली, "मच्छी नाय रे, दोन घरं दे." त्याने मान वर केलीन तेव्हा. मी मागे उभी, पदराने तोंड दाबून. "दोन घरं, लागून लागून. आणि मधल्या भिंतीला दरवाजा." तो बोलला असं नसतं, रो-हाऊस म्हणजे प्रत्येकाचं वेगळं, प्रायव्हसी. ती बोलली, "ती तुला ठेव. आम्हाला दरवाजा." मालक आला आतून, त्याला मजा वाटली बहुतेक, दिलान दरवाजा. ह्या स्वयंपाकघरातून त्या स्वयंपाकघरात. तिने नवऱ्याचा बोटीतला हिस्सा विकलान, मी अंगावरचं मोडलं, बाकी बँक — ते जाऊ दे, ते फिटलं. घरभरणीला नारळ दोन फोडले पण जेवण एकाच चुलीवर केलं.

चांगले दिवस होते गो. पहाटे एकाच रिक्षाने लिलावाला जायचं, दुपारी यायचं, न्हायचं, आणि मग ते दार उघडून इकडे कालवण, तिकडे भात. तिला एकटं जेवायला यायचं नाय, घास अडकतो बोलायची. वरच्या लायनीतल्या बाया एकदा आल्या, हिने गच्चीवर कोळंबीचे सोडे वाळत घातलेले — "गुणाबाई, वास येतो हो." गुणा बोलली, "वहिनी, परवा तुमच्याकडे सुरमई शिजली माझ्याकडची, तेव्हा वास सुट्टीवर गेलेला काय?" त्यांची तोंडं बघायला हवी होतीस. मासे आमच्याकडूनच घेणार, आणि वास आमचा.

मग कोरोना आला आणि भावेश लॅपटॉप घेऊन घरी आला. बायकोला घेऊन. ऋतिका — देशावरची, कऱ्हाडची. मासे खायची नाय, पण पोरगी वाईट नव्हती, मला नमस्कार करायची वाकून. वाईट तिच्यात काय नाय. भावेश सोसायटीचा सेक्रेटरी झाला, संध्याकाळी त्या लोकांबरोबर चालायला जायचा गोल गोल, आणि तिथेच कोण काय बोललं असेल ते असेल. पहिलं त्याने आईचं मार्केट सोडवलंन. "आई, आता तुला गरज काय? लोक मला विचारतात." लोक! पाटीत झुलत होता तेव्हा कुठे गेलेले लोक? मला वाटलं ही आता त्याला फिनेलची गोष्ट सांगेल. हिने काय सांगितलं नाय. दुसऱ्या दिवशी पहाटे रिक्षा आली आणि मी एकटी बसले. शेजारचा ओटा दुसऱ्या बाईला गेला. तिचा काय दोष, पण मी अजून तिच्याशी नीट बोलत नाय.

मग एकदा ऋतिकाचे आईवडील यायचे होते. भावेश दारातून डोकावून बोलला, "मावशी, उद्या पाव्हणे आहेत, हे दार जरा लावून घेऊ?" घे बाबा, मी बोलले. पाव्हणे गेले तरी कडी तशीच. कधी दिवसा काढायची गुणा, तो वर कामात असला की. चोरासारखी यायची, स्वतःच्या घरातून माझ्या घरात, चोरासारखी! मग मी दीपालीच्या बाळंतपणाला चिपळूणला गेले. येताना गुणासाठी मऊ चपला आणल्या, तिचे गुडघे दुखायचे. आले ती पिशवी ठेवली नाय की आधी दार ओढलं. माझ्या बाजूला उघडतं ते. उघडलं — आणि भिंत. चिरे घातलेले, वरून सिमेंट. हात लावला तर अजून ओलं होतं.

अजून हाय ते दार. काढलं नाय मी. बघायचंय तर बघ, उघडलं की भिंत. दीपाली बोलते, आई, तिथे कपाट कर. नाय करत.

मग पुढून गेले मी, रस्त्याने, आणि पहिल्यांदा तिच्या घराची बेल वाजवली. कळतंय तुला? बेल. गुणा सोफ्यावर बसलेली, गाऊन घालून, टीव्ही चालू. मी विचारलं, हे काय गो? ती टीव्हीकडे बघत बोलली, "किचनला जागा कमी पडत होती त्यांना." मी बोलले, घर तुझं हाय ना गुणे? तिने टीव्हीचा आवाज वाढवलान. "तू घरात होतीस, भिंत घालत होते तेव्हा?" "होते." "मग तू काय केलंस?" तर ती काय बोलली माहीत हाय? "चहा दिला गवंड्यांना."

चहा दिलान.

चपला तिथेच टाकल्या आणि आले मी निघून. म्हणून माझा राग भावेशवर नव्हता बघ. पोरं अशीच असतात, पोरांना आईबापाची लाज वाटायचं एक वय असतं, काहींचं सरत नाय. माझा राग तिच्यावर. जिने हापिसात जाऊन काचेच्या टेबलावर हात आपटून दरवाजा मागितलान, तिने चहा दिलान. अख्खा पावसाळा बोलले नाय तिच्याशी. तिकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या, इकडे मी एकटीने ताट घ्यायचं. मग एक दिवस मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना कठड्यावरून हात आला तिचा — नुसता हात, त्यात पेरू. बोलली, "मुकी, किती दिवस गप्प राहणार?" मला हसू आलं गो. राग होता तसाच, वरून हसू आलं. त्या चपला घातलेल्या होत्या तिने. मग तिथेच उभ्याने बोलायचो, कपडे वाळवायच्या निमित्ताने — वाळलेले कपडे परत भिजवून वाळत घालायचे मी. तेव्हा बोलली ती मला, "काशे, घर माझ्या नावावर हाय. मी सही करत नाय कुठे. ह्यांचं पुण्याला परत जायचं चाललंय. गेले की आपण ती भिंत फोडून टाकू." शपथ घेतलीन माझी.

पण गेले ते तिला घेऊन गेले. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं, तिकडे डॉक्टर चांगले. गाडीत मागे बसवलेलीन तिला, मांडीवर उशा. काच खाली करून बोलली, "येते गो. तुळशीला पाणी घाल." घालते. कठड्यावरून पाइप सोडते. तिकडे गेल्यावर करायची फोन, दुपारचा. "काय आणलंस आज लिलावातून?" — एवढंच विचारायची, आणि मी सगळं सांगायचे, कोळंबी कशी होती, कोण भांडलं, कोणी तराजूत लबाडी केलीन. मग आवाज बारीक बारीक व्हायला लागला तिचा. मग फोन बंद लागायला लागला. पुण्याला त्यांच्या बिल्डिंगमध्ये रेंज नसेल, बाराव्या मजल्यावर कुठली रेंज. आणि दिवाळी झाली आणि हा एजंट माणसं घेऊन यायला लागला. पण मी काय घाबरले नाय. मला माहीत ना — तिच्या सहीशिवाय विकता येत नाय, आणि ती सही करणार नाय. म्हणून मी येईल त्याला सांगते, ओल हाय, पाणी नाय, आणि वर मालकीण यायची हाय. ती आली की बघू कोण कसं विकतं. तुझं वाईट करायचं नाय मला बाय, तू चांगली दिसतेस, दुसरीकडे बघ ना, रस्त्यापलीकडे नवीन स्कीम झालीय —

काय? काय बोललीस? — नाय, परत बोल. घर मुलाच्या नावावर झालंय. हां. एजंट बोलला. आणि कसं झालं ते बोलला? आई — आई वारली म्हणून वारसाने? कोणाची आई? नाय गो, तू नीट ऐकलं नसशील, ती ऋतिकाची आई असेल, ती आजारीच असायची कऱ्हाडला — भावेशची. नाव सांगितलंन? — सांगितलंन. कधी?

गणपतीच्या आधी.

आता शिमगा आला.

थांब. नको, पाणी नको मला. गणपतीच्या आधी. पण दिवाळीत मी फोन केला होता भावेशला. हिचा लागत नव्हता म्हणून त्याला केला. त्याने उचललान. मी बोलले, आईला दे रे जरा. तो बोलला, "आई झोपलीय मावशी." आणि मी बोलले, झोपू दे. उठवू नको.

असं बोलले मी त्याला.

मग सगळ्यांना माहीत असणार. त्यांचा तो ग्रुप हाय ना मोबाईलवर, सोसायटीचा, माझा फोन साधा — म्हणून ती वरच्या लायनीतली परवा मला बघून बोलता बोलता गप्प झाली. म्हणून मध्ये एकीने मासे घेताना सुट्टे परत मागितले नाय. दया आली असेल. सगळ्यांनी मला तुळशीला पाणी घालताना बघितलं आणि कोणी काय बोललं नाय. नवऱ्याच्या चुलत्याचं सुतक धरलं मी, ज्याला जन्मात बघितला नव्हता, दहा दिवस मार्केटात बसले नाय. हिचं नाय. धरणार कशी, सांगितलंच नाय कोणी — आणि सांगितलं असतं तरी कुठल्या नात्याने धरू? तेव्हा मी काय करत होते तर दीपालीच्या गणपतीला गेले होते, नवं पातळ नेसून आरतीला टाळ्या वाजवत होते.

आणि तो... त्याला कसली भीती होती गो माझी? मी काय मागणार होते त्याच्याकडे? पुण्याला आले असते रात्रीच्या एसटीने, सगळ्यांच्या मागे उभी राहिले असते, तोंड बघितलं असतं आणि परत आले असते. निघताना चांगली अंघोळ करून आले असते. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, शेजारीण.

नको. हात नको लावू. तुझा काय दोष नाय, तू घर बघायला आलीस. तो बघ, हॉर्न वाजवतोय, आले ते चावी घेऊन. जा. बघून घे नीट, वरची खोली चांगली हाय, वारा येतो. घ्या, घ्यायचं असेल तर. माझं काय जातं. पुढे कधी काय लागलं तर... नाय, काय नाय. जा तू. जा म्हटलं ना. आणि जाताना ते फाटक लावून घे, गुरं शिरतात आत.